खर्जाची खोली

३४ हर्ट्झच्या सुराची हवेतली एक लाट सुमारे दहा मीटर लांब असते. फुटांत सांगायचं तर तेहतीस फूट. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, कड्याला नवं घर बांधणारा माणूस हॉलसाठी दहा बाय पंधरा फुटांची जागा काढतो. भावाभावांत वाटणी झालेली असेल तर दहा बाय बारावर भागवतो. म्हणजे होम थिएटर जिथे बसवायचं ती खोली या सुराच्या अर्ध्या लाटेएवढीही भरत नाही. नगर-पुण्याच्या प्रशस्त शोरूममध्ये ऐकून पसंत केलेला सबवूफर घरी आणला की वेगळाच का वाजतो, याचं उत्तर या मापात आहे. खोका तोच असतो, खोली बदललेली असते. म्हणून सबवूफर घ्यायला निघण्याआधी खिशात मोजपट्टीने घेतलेली तीन मापं असावीत: लांबी, रुंदी आणि उंची. खोक्यावर छापलेल्या वॅटपेक्षा हे तीन आकडे जास्त कामाचे.

कडा हे अहिल्यानगरहून आष्टी-जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजारपेठेचं गाव. अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्थांमुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांना ते ओळखीचं. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि कड्यालाही स्थानक मिळालं. तरी मल्टिप्लेक्सचा मोठा पडदा पाहायचा तर नगरलाच जावं लागतं. एवढ्या प्रवासाऐवजी लोक घरातच भिंतीवर ४३ किंवा ५५ इंची टीव्ही टांगतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात येतं की चित्र मोठं झालं, आवाज मात्र रोडावला. टीव्ही जसजसे पातळ झाले, तसतसे त्यांच्या पोटातले स्पीकरही लहान होत गेले. साधारण दीडशे हर्ट्झच्या खाली त्यांतून फार थोडं बाहेर येतं.

त्यामुळे किती गमावतो, हे पाहायला लांब जायला नको. कर्जत-जामखेडच्या पलीकडच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. त्याचं संगीत अजय-अतुल यांनी अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. अशा वाद्यवृंदात डबल बास नावाचं उभं, माणसापेक्षा उंच तंतुवाद्य असतं. त्याच्या नेहमीच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा. एवढ्या कष्टाने मुद्रित केलेला हा तळ टीव्हीच्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. गाणं ओळखता येतं, शब्द कळतात, ताल पाय हलवतो. पण त्याच्याखालची जमीन गायब असते.

ती जमीन परत आणणं एवढंच सबवूफरचं काम. ते नेमकं काय आहे हे समजलं तर खरेदी निम्मी झालीच.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, असं शाळेच्या पुस्तकात असतं. पण या सगळ्या पट्ट्यावर तो सारखा तल्लख नसतो. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी वेगवेगळे सूर कानाला सारखेच मोठे वाटायला प्रत्यक्षात किती ताकद लागते, हे मोजून आलेख काढले. त्यात दिसलं की ज्या ताकदीवर मधल्या पट्टीतला आवाज, म्हणजे माणसाचं बोलणं, स्वच्छ ऐकू येतं, त्या ताकदीवर अगदी खालचा सूर ऐकूच येत नाही. २० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाही पंचाहत्तर डेसिबलच्या आसपास पातळी लागते. रात्री लेकरं झोपली म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला की सगळ्यात आधी बेस नाहीसा होतो आणि आवाज वाढवला की तोच सगळ्यात वेगाने फुगतो, याचंही कारण तेच. यंत्र बिघडलेलं नसतं, कानाची घडणच तशी आहे.

म्हणजे खर्ज ऐकवायचा तर भरपूर हवा हलवावी लागते. इथे गणित फार कडक आहे. तेवढ्याच ताकदीचा आवाज ५० ऐवजी २५ हर्ट्झवर काढायचा असेल तर स्पीकरच्या पडद्याला, ज्याला दुकानदार कोन म्हणतात, चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. ८० वरून २० वर उतरायचं तर सोळापट. कोनाच्या हलण्याला मर्यादा असते. म्हणून मग त्याचा आकार वाढवावा लागतो. आठ इंची कोनाचं क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस इंच, बारा इंचीचं एकशे तेरा. व्यास दीडपट, पण ढकललेली हवा सव्वादोनपट. चार-पाच इंची स्पीकर लाकडी खोक्यात घालून त्यावर ‘सबवूफर’ लिहिलेलं असतं, तेव्हा तो प्रत्यक्षात वूफर असतो. साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत तो इमानाने वाजेल. त्याखाली उतरायला सांगितलं तर नुसता फडफडेल.

खोक्यावरचे हजारो वॅट इथेच उघडे पडतात. ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा म्हणजे यंत्र क्षणभर, कसल्याही विकृतीची पर्वा न करता, किती उसळी मारू शकेल याचा कंपनीने आपल्या सोयीने काढलेला अंदाज. त्याला सर्वमान्य मोजमाप नाही. विचारायचं ते ‘आरएमएस’, म्हणजे यंत्र सलग किती ताकद देऊ शकतं ते. त्यातही लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. १० डेसिबल वाढवायचे तर दहापट ताकद लागते. शंभर वॅटचा आणि दीडशे वॅटचा सबवूफर यांच्यात जेमतेम पावणेदोन डेसिबलचा फरक पडतो. त्या फरकासाठी चार-पाच हजार जास्त मोजण्यापेक्षा एक माप मोठा कोन घेतलेला बरा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तो किती हर्ट्झपर्यंत खाली जातो, आणि तिथे आवाज किती डेसिबलने पडलेला असतो. नुसतं ‘२० हर्ट्झपासून’ असं छापून उपयोग नाही. उणे तीन डेसिबलला ३० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर ती माहिती.

खर्जाचं हे शास्त्र मराठी माणसाच्या हाताला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हरिनाम सप्ताहात कीर्तनाला उभं राहण्याआधी पखवाजवादक डाव्या तोंडाला ओली कणीक थापतो, थाप मारून बघतो, पुन्हा थोडी लावतो किंवा काढतो. चामड्यावरचं वजन वाढलं की त्याची कंपनं मंदावतात आणि सूर खाली येतो. भौतिकशास्त्राचा नियम सांगतो की ताण तोच ठेवून हलणारं वजन चौपट केलं तर कंपनसंख्या निम्मी होते. सबवूफरचा कोन साध्या स्पीकरपेक्षा जड ठेवतात, तो याच नियमाने. भारतीय तालवाद्यांवरच्या वजनदार शाईमुळे त्यांचे वरचे सूर कसे सुसंवादी होतात, हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. वजनाने चामडं बोलतं करण्याची ही कला कारागिरांनी हातानेच साधली होती.

तानपुऱ्याचंही तसंच. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आसपास लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ वर. हा सूर लहान स्पीकरमधून येत नाही, तरी ऐकणाऱ्याला खर्ज लागल्यासारखा वाटतो. कारण मेंदू वरच्या सुरांच्या अंतरावरून खालचा हरवलेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. मोबाइलवर भजन ऐकताना आपण पखवाज ‘ऐकतो’, तो असाच. चांगला सबवूफर लागला की मेंदूची ही ओढाताण थांबते. मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकताना खोलीत एक शांत भरलेपण येतं, आणि ते सिनेमातल्या स्फोटांपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. नव्या सबवूफरची पहिली परीक्षा डीजेच्या गाण्यावर घेण्यापेक्षा पखवाजावर घ्यावी. ‘धा’ वाजल्यावर नाद वाढून लगेच मिटतो, की मागे घूं घूं करत रेंगाळतो, एवढं ऐकलं तरी यंत्राची परीक्षा होते.

डीजेचा विषय निघाला आहे तर त्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. गावाकडे बेसची ओळख मिरवणुकीतून झाली. आधी ॲम्प्लिफायरला जोडलेले भोंगे होते. भोंग्याला खर्ज जमतच नाही, बोलणं दूरवर पोचवणं हे त्याचं काम. नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अठरा इंची बेसचे खोके चढले आणि छातीत धडधड होणं म्हणजे चांगला आवाज, अशी समजूत रुजली. ती धडधड बहुतांशी ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यातली. उघड्यावर लांबपर्यंत ऐकू जावं म्हणून ते खोके याच पट्ट्यात जास्तीत जास्त जोर काढायला बांधलेले असतात. घरातल्या सबवूफरला याच्या नेमकं उलट काम आहे. त्याला त्या पट्ट्याच्याही खाली उतरायचं आहे, आणि पंधरा फुटांत, हळुवार उतरायचं आहे. दुकानात ‘दादा, भांडी पडतील खाली, एवढा बेस आहे’ असं कोणी सांगितलं तर समजावं की हा खोका पन्नास-साठ हर्ट्झवर मुद्दाम फुगवलेला आहे. भांडी हलवणं ही चांगल्या सबवूफरची कसोटी नाहीच.

आता एक अडचण, जिच्यात कित्येक जण फसतात. जुन्या सेटचा सबवूफर जळाला किंवा कमी पडू लागला म्हणून फक्त तेवढाच नवा घ्यावा, हा विचार सरळ वाटतो. पण बाजारातल्या बहुतेक स्वस्त ४.१ आणि ५.१ सेटमध्ये सगळ्या स्पीकरचा ॲम्प्लिफायर त्या सबवूफरच्या खोक्यातच बसवलेला असतो. खोका बदलला की बाकीचे स्पीकर मुके. साउंडबारबरोबर येणारा बिनतारी सबवूफर सहसा त्याच कंपनीच्या ठरावीक मॉडेलशीच जुळतो. म्हणून आधी आपल्या यंत्राच्या पाठीमागे ‘सबवूफर आउट’ किंवा ‘प्री-आउट’ असं लिहिलेली एक भोकवजा गोल जागा आहे का, हे पाहावं. ती असेल तर स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला, ज्याला ॲक्टिव्ह म्हणतात, असा कोणत्याही कंपनीचा सबवूफर तिथे एका तारेने जोडता येतो. ती नसेल तर नवा सबवूफर म्हणजे नवा रिसीव्हरही (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं मुख्य यंत्र), आणि खर्चाचा हिशोब पूर्ण बदलतो. एकटा विकला जाणारा नावाजलेल्या कंपनीचा दहा इंची ॲक्टिव्ह सबवूफर साधारण पंधरा-वीस हजारांच्या पुढेच सुरू होतो. तेवढ्यात गावात अख्खा पाच स्पीकरचा सेट मिळतो हे खरं, पण त्या सेटमधला खर्ज साठ हर्ट्झलाच संपतो.

खोक्याचे मुख्य प्रकार दोन. चहूबाजूंनी बंद असलेला, आणि पुढे-मागे किंवा खाली एक गोल नळी ठेवलेला, म्हणजे पोर्टेड. बंद खोक्याची कल्पना एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली स्पीकरच्या धंद्यात रूढ केली. आतली कोंडलेली हवाच कोनाला स्प्रिंगचं काम देते, त्यामुळे लहान खोक्यातूनही खाली उतरता येतं. पोर्टेड खोक्यात नळीतली हवा ठरावीक कंपनसंख्येला कोनाला साथ देते, आणि तेवढ्याच वॅटमध्ये जास्त जोर मिळतो. पण त्या कंपनसंख्येच्या खाली आवाज झपाट्याने कोसळतो: दर सप्तकाला २४ डेसिबल, बंद खोक्यात हीच उतरंड १२ ची असते. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित बसवून दिलं, तेव्हापासून खोका बांधणं अंदाजाचा खेळ राहिलेला नाही. नळीचं माप इंच-दीड इंच चुकलं तरी सूर बिघडतो. हौसेने सुताराकडून खोका करून घेणाऱ्यांनी स्पीकरसोबतचा माहितीचा कागद वाचल्याशिवाय करवत लावू नये.

दहा बाय बाराच्या खोलीत बंद खोका बहुधा जास्त शोभतो. लहान खोली स्वतःच खालच्या सुरांना उचलून धरते, आणि बंद खोक्याची सावकाश उतरंड त्या उचलण्याशी जुळून जाते. वीस फुटी हॉल असेल, त्याला जिना जोडलेला असेल, स्वयंपाकघर उघडं असेल, तर पोर्टेड आणि निदान बारा इंची.

खोलीचा हा हस्तक्षेप या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत आवाजाची लाट आपटून परतते. भिंतींमधलं अंतर लाटेच्या नेमकं निम्मं असेल तेव्हा जाणारी आणि येणारी लाट एकमेकींवर बसून एक स्थिर घडी तयार होते. भिंतीजवळ आवाज दणदणीत, बरोबर मधोमध जवळजवळ शून्य. दहा फुटांच्या अंतराला ही घडी ५६ हर्ट्झवर बसते, बारा फुटांना ४७ वर, पंधरा फुटांना साडेसदतीसच्या आसपास. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत, बारा फुटांच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला ४७ हर्ट्झचा सूर ऐकूच येत नाही, आणि मागच्या भिंतीला टेकून दिवाणावर बसलेल्याला तोच सूर डोकं उठवतो. दोघे एकाच खोलीत, एकच सिनेमा पाहत असतात. दोघांचंही म्हणणं खरं असतं.

सगळ्यात वाईट खोली म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सारखी असलेली. दहा बाय दहाची खोली आणि दहा फुटांवर स्लॅब असेल तर तिन्ही दिशांची घडी ५६ हर्ट्झवरच येऊन बसते. तो एक सूर असा घुमतो की ढोलकी असो, तोफ असो किंवा पावसाची गडगड, सगळ्यांचा आवाज एकाच पट्टीत येतो. अशा घरात सबवूफर बदलून काही होत नाही. शक्य असेल तर होम थिएटर दुसऱ्या, लांबट खोलीत न्यावं.

खोका कुठे ठेवायचा याचंही उत्तर खोलीच देते. कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज बराच वाढवतात, पण सगळ्या घड्याही त्याच वेळी जागवतात. कमी ताकदीचा सबवूफर असेल तर कोपरा कामी येतो. दमदार असेल तर घुमतो. नेमकी जागा शोधायची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे आणि ती हमखास लागू पडते. सबवूफर उचलून आपण बसतो त्या सोफ्यावर किंवा दिवाणावर ठेवायचा, खर्ज भरपूर असलेलं एखादं संथ गाणं लावायचं आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीलगत ठेवून, रांगत फिरायचं. जिथे खर्जाचे सगळे सूर सारखे आणि स्वच्छ ऐकू येतील तिथे खोका ठेवायचा. ध्वनीचा नियम दोन्ही बाजूंनी सारखा चालतो. त्यामुळे तिथून वाजवलेला आवाज दिवाणावर तसाच पोचतो. यात अर्धा तास जातो आणि पाच हजारांचा फरक पडतो. दिवाणही बरोबर मध्यावर किंवा अगदी भिंतीला चिकटवून न ठेवता मागच्या भिंतीपासून खोलीच्या तिसऱ्या हिश्शावर सरकवला तर उत्तम. नाहीच जमलं तर दोन फूट तरी पुढे घ्यावा.

मराठवाड्यातल्या घरांचे प्रकार पाहिले तर ही गोष्ट आणखी पटते. जुन्या माळवदाच्या घराच्या दोन-अडीच फुटी जाड भिंती हलत नाहीत, वर मातीचा जाड थर असतो; खर्ज तिथे बसका आणि घट्ट लागतो. आरसीसीच्या घरात गुळगुळीत प्लास्टर आणि फरशी यांच्यामुळे मधले नि वरचे आवाज घुमतात. त्यावर सतरंजी, जाड पडदे, गाद्या यांचा उपाय चालतो. खर्जावर मात्र त्यांचा परिणाम जवळजवळ होत नाही. चार मीटरच्या लाटेला बोटभर जाडीचा पडदा अडवू शकत नाही. आणि पत्र्याचं घर असेल तर पत्राच दुसरा स्पीकर होतो. ठरावीक सुराला त्याचे हुक आणि नट खडखडतात, शोकेसच्या काचा वाजतात, लोखंडी कपाटाचं दार थरथरतं. हा आवाज सबवूफरचा समजून लोक यंत्र परत करायला निघतात. सूर बदलत जाणारं चाचणीचं ध्वनिमुद्रण लावून घरभर हात फिरवावा. जे थरथरत असेल तिथे रबराची पट्टी, जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा आवळलेला एक नट एवढ्याने काम भागतं.

जोडणी झाल्यावर खोक्यामागचे तीन खटके उरतात आणि बहुतेक घरांत ते दुकानातून आले तसेच राहतात. पहिला क्रॉसओव्हर. किती हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरने घ्यायचा ते तो ठरवतो. ८० हा सर्वसाधारण चांगला आकडा, कारण त्याखालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला नीट ओळखता येत नाही. खटका दीडशेवर असेल तर कीर्तनकाराचा आवाज टीव्हीतून येण्याऐवजी कोपऱ्यातल्या खोक्यातून येऊ लागतो, कारण पुरुषाच्या आवाजाचा तळ साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. स्पीकर फारच लहान, दोन-तीन इंची असतील तर मात्र १०० ते १२० पर्यंत जावंच लागतं. रिसीव्हरमध्ये हा आकडा ठरवलेला असेल तर खोक्यावरचा खटका शेवटपर्यंत फिरवून ठेवावा, म्हणजे दोनदा कात्री लागत नाही. दुसरा खटका फेजचा. तो एकदा शून्यावर, एकदा १८० वर ठेवून एकच गाणं ऐकायचं. ज्यात दिवाणावर बसून खर्ज भरदार वाटेल तो बरोबर. तिसरा आवाजाचा. सबवूफर वेगळा ऐकू येत असेल तर तो जास्त आहे. बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, म्हणजे बरोबर लागला.

५.१ मधला ‘.१’ म्हणजे सिनेमाच्या खास खर्जाची वेगळी वाट, १२० हर्ट्झपर्यंतची. यूट्यूबवरच्या किंवा डीटीएचच्या साध्या दोन वाटांच्या आवाजात ती नसते; तिथे सबवूफर दोन्ही बाजूंचा खर्ज क्रॉसओव्हरने वेचून वाजवतो. त्यामुळे नव्या यंत्राची सिनेमासाठीची परीक्षा खऱ्या ५.१ च्या ध्वनीवरच घ्यायला हवी.

विजेचं काय? भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे नेमकी सबवूफरच्या पट्ट्यातली. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटना लावले, किंवा अर्थिंग कच्चं असलं, की सतत एक बारीक ‘हूंऽऽ’ सुरू राहतो. लहान स्पीकर तो लपवतो, सबवूफर उघडा पाडतो. पहिला उपाय म्हणजे सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घेणं. दुसरा उपाय अंगणात असतो. आष्टी तालुका कमी पावसाचा. उन्हाळ्यात जमीन वाळते, मुरमाड जमिनीत तर अर्थिंगच्या खड्ड्याची वीज वाहून नेण्याची ताकद फार कमी होते. म्हणून कोळसा-मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायची रीत आहे. हे काम माणसांच्या जीवासाठी तर करायचंच, आवाजही स्वच्छ होतो. हूं घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून टाकणं हा गावठी उपाय मात्र जीवघेणा आहे, तो कुणीही करू नये. व्होल्टेज सारखं खालीवर होत असेल तर सबवूफरच्या वॅटपेक्षा पुरेशा मोठ्या क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावा.

शेजाऱ्यांचा विचार खर्जाच्या बाबतीत वेगळा करावा लागतो. भिंत वरचे आवाज चांगले अडवते, खालचे अडवत नाही. घरात सिनेमा चालू असताना शेजारच्या घरात संवाद पोचत नाहीत, नुसते ठोके पोचतात, आणि ते जास्त त्रासाचे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचाहून जास्त डेसिबलने चढता कामा नये. पण हे मोजमाप कानाच्या घडणीप्रमाणे ज्या ‘ए’ मापपट्टीने होतं, तिच्यात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटर समाधानकारक आकडा दाखवत असताना शेजारच्या म्हाताऱ्या आजीबाईच्या छातीत ठोके बसत असू शकतात. सबवूफरखाली जाड रबर किंवा दाट फोमची बैठक ठेवली तर स्लॅबमधून जाणारा थरथराट कमी होतो. हवेतून जाणाऱ्याला आवाज कमी करण्यावाचून उपाय नाही. अनेक रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ असतो, तो रात्री दहानंतर लावून ठेवावा.

खरेदीसाठी कड्याहून नगर जवळचं, आणि मोठी निवड हवी तर पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. ऑनलाइनही मिळतं, पण बारा इंची सबवूफर वीस किलोच्या आसपास भरतो. नापसंत पडला तर परत पाठवणं सोपं नसतं. म्हणून परतीची अट आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे पैसे देण्याआधी विचारावं. जुना घ्यायचा असेल तर कोनाच्या कडेची गोल पट्टी बोटाने चाचपावी. ती फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत कुजून भुगा होते, रबराची असेल तर जास्त टिकते. दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्याभोवती सारखी टेकवून तो हळूच आत दाबावा. आत खरखर लागली तर कॉइल घासते आहे, सोडून द्यावा. दाबलेल्या भुशाच्या लाकडाच्या खोक्याला खालून वाळवी लागली आहे का, तेही उलटं करून पाहावं. घरी आणल्यावर पोर्टच्या नळीवर बारीक जाळी बसवावी. धान्याची पोती असलेल्या घरात उंदराला ही नळी म्हणजे तयार बीळ.

आणि पैसे बारा इंची खोक्याचे साठले असतील, पण सिनेमा पाहायला घरची सात-आठ माणसं एकदम बसत असतील, तर आणखी एक पर्याय विचारात घ्यावा: दोन लहान सबवूफर. हरमन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोलीत एकापासून कितीतरी सबवूफरपर्यंतच्या मांडण्या तपासल्या. दोनच खोके समोरासमोरच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर ठेवले तरी वेगवेगळ्या जागी बसलेल्यांना मिळणाऱ्या खर्जातला फरक बराच कमी होतो, असं त्यांना आढळलं. खोके चारापेक्षा जास्त वाढवून फारसा फायदा दिसला नाही. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये टीव्हीखाली एक आणि दिवाणामागे एक, असे दोन आठ इंची बंद खोके जमिनीवर बसलेल्या पोरांना आणि खुर्चीतल्या आजोबांना जवळपास सारखाच आवाज देतात. दोन्ही एकदम घ्यायची गरज नाही. यंदाचा कांदा विकल्यावर एक, पुढच्या दिवाळीला त्याच मॉडेलचा दुसरा. फक्त पहिला घेताना रिसीव्हरला दोन सबवूफरची सोय आहे ना, हे बघून घ्यावं, नसेल तर एका तारेच्या दोन करणारा छोटा जोड कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.